सोंगाड्याच्या हातातलं मॅन्डोलिन

२९ नोव्हेंबर १९५९ला ग्रॅमी पुरस्कारांचा सोहळा झाला. ग्रॅमीची ही दुसरीच खेप. त्या रात्री एकाच चालीनं तीन पुरस्कार नेले. 'द बॅटल ऑफ न्यू ऑर्लिन्स' लिहिणाऱ्या जिमी ड्रिफ्टवुडला वर्षातल्या सर्वोत्तम गीताचा, ते गाणाऱ्या जॉनी हॉर्टनला कंट्री, म्हणजे अमेरिकेतल्या ग्रामीण वळणाच्या संगीताच्या विभागातला, आणि त्याच गाण्याची टर उडवणाऱ्या दोघांना विनोदी संगीताचा. एकाच मांडवात वरबापाला हार, नवरदेवाला हार आणि दाराशी उभं राहून नवरदेवाची नक्कल करणाऱ्यालाही हार, असा तो प्रकार.

नक्कल करणारे ते दोघं म्हणजे होमर आणि जेथ्रो. खरी नावं हेन्री हेन्स आणि केनेथ बर्न्स. एकाच्या हातात गिटार, दुसऱ्याच्या हातात मॅन्डोलिन. १९३६पासून १९७१पर्यंत, मधली युद्धाची वर्षं सोडली तर, या दोघांनी दुसऱ्यांच्या लोकप्रिय गाण्यांची वाट लावून पोट भरलं. आणि आज मॅन्डोलिन वाजवणाऱ्यांच्या जगात त्याच जेथ्रोचं नाव निघालं की माणसं कान पकडतात. जॅझ मॅन्डोलिनवर कसं वाजवावं हे अमेरिकेतल्या दोन-तीन पिढ्या त्याच्याकडून शिकल्या.

हे प्रकरण अभ्यासाला घ्यावंसं वाटलं ते या विसंगतीमुळे. टवाळकी आणि तयारी एकाच माणसात इतकी वर्षं कशी नांदली? त्यांनी एकमेकींना खाल्लं की पोसलं? माझं मत आधीच सांगून टाकतो: पोसलं. पण त्या पोसण्याचं फळ दोघांपैकी एकाच्याच वाट्याला आलं.

नाव विसरलं म्हणून नाव पडलं

दोघंही पूर्व टेनेसीचे आणि दोघंही १९२०चे. नॉक्सव्हिल शहरात डब्ल्यूएनओएक्स नावाचं रेडिओ केंद्र होतं. १९३६ साली तिथल्या चाचणीला सोळा वर्षांची ही पोरं आली आणि तिथेच त्यांची जोडी जमली. त्या काळी प्रत्येक केंद्राचे स्वतःचे वादक असत, आणि कार्यक्रम सगळा जिवंत, समोर माणसं बसवून. लोवेल ब्लँचर्ड हा तिथला कार्यक्रमप्रमुख. या पोरांचा 'स्ट्रिंग डस्टर्स' नावाचा चौघांचा ताफा झाला. वाजवायचे काय, तर स्विंग, म्हणजे नाचऱ्या चालीचं जॅझ, आणि त्या वेळची लोकप्रिय गाणी. डोंगराळ भागातल्या पोरांनी डोंगरी संगीत वाजवावं अशी अपेक्षा असताना हे पॅरिसच्या जँगो राइनहार्ट या जॅझ गिटारवादकाच्या तबकड्या कान देऊन ऐकत होते.

चेष्टामस्करी सुरू झाली ती बाजूला, जोडधंदा म्हणून. शहरी, गुळगुळीत प्रेमगीत घ्यायचं आणि खेड्यातल्या दोन बावळटांनी ते गावं तसं गायचं. तेव्हा दोघांची टोपणनावं ज्युनिअर आणि ड्यूड अशी होती. एके दिवशी कार्यक्रम चालू असताना ब्लँचर्डला ती आठवेनात. वेळ मारून न्यायला त्यानं तोंडाला आली ती दोन गावठी नावं ठोकून दिली, होमर आणि जेथ्रो. ती जन्माची चिकटली. आपल्याकडच्या तमाशात कुणाला 'शिरप्या' म्हणून पुकारावं आणि पुढे त्याचं रेशनकार्डही त्याच नावानं निघावं, तसं.

१९३९च्या सुमारास केंटकीतल्या रेन्फ्रो व्हॅलीच्या कार्यक्रमात ही जोडी नियमित दिसू लागली. मग युद्ध आलं. एक प्रशांत महासागराकडे गेला, एक युरोपात. १९४५ला दोघं परत नॉक्सव्हिलमध्ये भेटले आणि जणू मध्ये काही झालंच नाही अशा थाटात पुन्हा वाजवू लागले. पुढे सिनसिनाटी: डब्ल्यूएलडब्ल्यू हे मोठ्या ताकदीचं केंद्र, आणि त्याच शहरातली किंग रेकॉर्ड्स. १९४८मध्ये केंद्राचा कारभार बदलला आणि दोघांना नारळ मिळाला. पुढच्या वर्षी आरसीए व्हिक्टर या रेकॉर्ड कंपनीनं त्यांना घेतलं.

सिनसिनाटीतली एक कौटुंबिक गोष्ट इथेच सांगायला हवी, कारण पुढे ती कथेत परत येते. जॉन्सन आडनावाच्या दोन जुळ्या बहिणी त्याच केंद्रावर गायच्या. एकीशी, लोइसशी, जेथ्रोनं लग्न केलं. दुसरीशी, लिओनाशी, चेट अ‍ॅटकिन्स नावाच्या एका लाजऱ्या गिटारवादकानं. हे साडू पुढे एकमेकांच्या तबकड्यांवर वाजवत राहिले. अ‍ॅटकिन्सच्या आरसीएसाठीच्या १९४९च्या सुरुवातीच्या ध्वनिमुद्रणांत होमर आणि जेथ्रोचे हात आहेत.

बेसूर गाण्यासाठी लागणारा सूर

विडंबनगीताची मेख अशी की ऐकणाऱ्याला मूळ गाणं पाठ असावं लागतं. ते पाठ नसेल तर विनोद मेला. फार जुनं झालं असेल तरी मेला. म्हणून विडंबन करणाऱ्याला दुसऱ्याच्या यशाची वाट बघत बसावं लागतं आणि ते दिसलं रे दिसलं की धाव घ्यावी लागते. लाट येते, तिच्या पाठीवर आपली होडी टाकायची. लाट तुमची नसते.

१९४९ साली पहिली मोठी लाट मिळाली. फ्रँक लेसरचं 'बेबी, इट्स कोल्ड आउटसाइड' हे युगुलगीत गाजत होतं. बाहेर थंडी आहे, आता कशाला जातेस, अशी आर्जवं करणारा तो आणि नाही-नाही म्हणत रेंगाळणारी ती. लेसरनं ते मुळात पत्नीबरोबर घरगुती मेजवान्यांत गायला लिहिलं होतं, पुढे ते चित्रपटात गेलं. होमर आणि जेथ्रोनं त्यात ज्यून कार्टर या तरुण मुलीला घेतलं (गायक जॉनी कॅशची पत्नी म्हणून जग तिला ओळखू लागलं ते फार नंतर) आणि त्या दिवाणखान्यातल्या प्रणयाला शेणामातीचा वास दिला. कंट्री गाण्यांच्या यादीत ते नवव्या क्रमांकापर्यंत चढलं. लेसरनं परवानगी दिली ती एका अटीवर: तबकडीच्या कागदावर 'फ्रँक लेसर यांची क्षमा मागून' असं छापायचं. ती ओळही विनोदाचाच भाग झाली.

१९५३ साली पॅटी पेजचं 'खिडकीतल्या कुत्र्या'चं गाणं अमेरिकेभर वाजत होतं. शहरातलं दुकान, काचेआड गोजिरवाणं पिल्लू, शेपटी हलवतंय, किंमत किती हो त्याची? होमर-जेथ्रोनं शीर्षकातला 'डॉगी' हा लाडिक शब्द काढून 'हाउंड डॉग' घातला. म्हणजे डोंगरातलं शिकारी कुत्रं, अंगणात पडलेलं, दुकानात कुणी मांडणार नाही असं. एका शब्दानं काचेचं दुकान गेलं आणि ओसरी आली. चांगल्या विडंबनात बहुतेक वेळा इतकंच लागतं. कंट्री यादीत हे गाणं दुसऱ्या क्रमांकावर पोचलं.

त्यांची पद्धत नीट ऐकली की तीन थर वेगळे होतात. वरचा थर शब्दांचा. मूळ छंद, मूळ यमकांच्या जागा सांभाळून नवे शब्द असे बसवायचे की एकही मात्रा ढळू नये. प्रल्हाद केशव अत्र्यांनी 'झेंडूची फुले'मध्ये हेच केलं: ज्या वृत्ताची थट्टा करायची ते वृत्त अस्सल लिहून दाखवायचं. छंदात अडखळणाऱ्याचं विडंबन हे विडंबन राहत नाही, नुसतं वाईट गाणं होतं.

दुसरा थर गळ्याचा. नाकात, थोडं खेचून, स्वराच्या किंचित खाली, अगदी गंभीर चेहऱ्यानं. बेसूर गाणारे दोन प्रकारचे असतात. एकाला सूर सापडत नाही. दुसऱ्याला तो इतका नेमका ठाऊक असतो की त्याच्यापासून हवं तेवढंच दूर उभं राहता येतं. हे दोघं दुसऱ्या प्रकारातले. दोघांच्या आवाजांमधलं अंतर मुद्दाम बिघडवलेलं असतं, पण प्रत्येक वेळी तितकंच.

आणि खालचा थर वाद्यांचा. इथे थट्टा अजिबात नाही. होमरची गिटार पाठीमागून छोट्या, दाबून धरलेल्या सुरावटी (एकाच वेळी छेडलेले सूर, म्हणजे कॉर्ड) ठोक्यागणिक बदलत जाते, एखाद्या मोठ्या स्विंग वाद्यवृंदातल्या गिटारवाल्यासारखी. कडवं संपलं की आठ-सोळा मात्रांची जागा मोकळी होते, आणि त्या जागेत जेथ्रो शिरतो. बिल मन्रोच्या ब्लूग्रास या डोंगरी संगीतप्रकारातलं मॅन्डोलिन हे तडतड्या, घावासारख्या पट्ट्यांचं. जेथ्रोचं गोल, गुळगुळीत. एकेक स्वर मोत्यासारखा सुटा, आणि मध्येच तारांच्या चार जोड्यांवर अख्खी चाल सुरावटीतच उचलून दाखवणारं. मॅन्डोलिन म्हटलं की आपल्याला सज्जाद हुसेन आठवतात किंवा कर्नाटक संगीतातले यू. श्रीनिवास. या दोघांनाही वाद्याच्या मूळ स्वभावाशी भांडूनच आपली वाट काढावी लागली. जेथ्रोचंही तसंच. फरक एवढाच की त्याच्या भांडणाकडे लोकांचं लक्ष नव्हतं. ते आधीच्या ओळीवर हसत होते.

मी या जोडीची गाणी पहिल्यांदा ऐकली तेव्हा तीन-चार गाण्यांनंतर विनोद बोथट झाला. बरेचसे संदर्भ मरून गेलेत, काही ठिकाणी बायकांवरचे विनोद आज ऐकवत नाहीत. पण मधल्या त्या सोळा मात्रा मागे-मागे जाऊन पुन्हा ऐकत बसलो. सोंगाड्या पडला की प्रेक्षक हसतो. तो न लागता कसा पडला हे तालमीतल्या माणसालाच कळतं.

चाल कुणाची, पैसा कुणाचा

आता व्यवहार. १९५९च्या ग्रॅमीकडे परत जाऊ.

ड्रिफ्टवुड हा अर्कान्सातला शाळामास्तर. ८ जानेवारी १८१५ला न्यू ऑर्लिन्सजवळ अमेरिकनांनी इंग्रजांना हरवलं. त्या लढाईच्या नावानं 'एट्थ ऑफ जानेवारी' ही फिडलवरची जुनी लोकधून वाजवली जात असे. तिच्यावर ड्रिफ्टवुडनं शब्द बसवले. हॉर्टननं ते गाणं गायलं आणि सहा आठवडे ते सगळ्या अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर राहिलं. होमर-जेथ्रोच्या 'बॅटल ऑफ कूकामोंगा'त इंग्रज फौज नाही. उन्हाळी शिबिरातली स्काउटची पोरं आहेत आणि शेजारच्या मुलींच्या शिबिरावरची त्यांची स्वारी आहे. हेही सर्वसाधारण यादीत चौदाव्या क्रमांकावर गेलं. देशप्रेमाची फुंकर मारलेली लोकधून, आणि तिच्यावर पोरकटपणाचा दुसरा लेप.

पण चाल आणि मूळ गीत यांवरचा हक्क मूळ मालकाचाच. आपल्या चालीवर कुणी हसलं तरी त्या हसण्याचं भाडं त्याच्या घरी जातं. अमेरिकेतल्या १९०९च्या कायद्यानं एकदा ध्वनिमुद्रित झालेलं गाणं ठरलेली रक्कम भरून (एका गाण्याच्या दर प्रतीमागे दोन सेंट) दुसऱ्या कुणालाही मुद्रित करता येई. शब्द बदलायचे तर मात्र दार वाजवून विचारणं शहाणपणाचं. लेसरची क्षमायाचनेची अट म्हणजे त्या दारावरचीच पावती. विडंबन गाणाऱ्याच्या हाती गाण्याच्या मालकीतून फारसं लागत नाही. त्याला तबकडीच्या विक्रीवर, दौऱ्यांवर आणि स्वतःच्या चेहऱ्यावर जगावं लागतं. आणि दौरे म्हणजे महिनोन्‌महिने. एक काळ हे दोघं स्पाइक जोन्सच्या ताफ्याबरोबरही हिंडले, जिथे शिट्ट्या, भोंगे आणि फुटणाऱ्या बाटल्यांनी गाण्यांचं वाटोळं केलं जाई.

विनोदाला कायद्यानं किती मोकळीक द्यायची, हा वाद त्यांच्या हयातीतच पेटला होता. 'मॅड' मासिकानं गाजलेल्या गाण्यांची विडंबनं 'अमुक चालीवर म्हणा' असं सांगून छापली, तेव्हा अर्व्हिंग बर्लिन आणि इतर मालक कोर्टात गेले. १९६४ला अपील न्यायालयानं मासिकाच्या बाजूनं कौल दिला. पण तिथे कागदावर फक्त शब्द होते. चाल वाचकानं मनात लावायची होती. चालच घेऊन गाणाऱ्यांचा प्रश्न त्यानं सुटत नव्हता. तो सर्वोच्च न्यायालयापुढे गेला १९९४मध्ये, आणि गंमत म्हणजे त्यात वादी होती नॅशव्हिलची अ‍ॅकफ-रोज ही कंट्री गाण्यांची जुनी प्रकाशन संस्था. टू लाइव्ह क्रू या रॅप गटानं रॉय ऑर्बिसनच्या 'ओ प्रिटी वुमन'चं विडंबन करायची परवानगी मागितली, ती नाकारली गेली, तरी त्यांनी केलंच. न्यायालयानं एकमतानं सांगितलं की पैशासाठी केलेलं विडंबनही न्याय्य वापर ठरू शकतं. अट एवढीच की मूळ कृतीवर काही टिप्पणी हवी. आयती लोकप्रिय चाल फुकट वापरायची पळवाट नको.

ही कसोटी होमर-जेथ्रोच्या गाण्यांना मागे जाऊन लावून पाहण्याजोगी आहे. 'हाउंड डॉग' बहुधा टिकेल: पॅटी पेजच्या लाडिकपणालाच ते चिमटा काढतं. 'कूकामोंगा' कदाचित पडेल. त्यात मूळ गाण्याबद्दल काही म्हणणं नाही, फक्त त्याच्या चालीचा घोडा केलाय. ज्याला ग्रॅमी मिळालं तेच कायद्याच्या मोजपट्टीत कच्चं. भारतात १९५७च्या कॉपीराइट कायद्याचं ५२वं कलम टीका आणि समीक्षेसाठी न्याय्य वापराची मुभा देतं, पण विडंबनाचं नाव घेत नाही. गणपतीच्या मांडवात गाजलेल्या गाण्यांवर शब्द बसवणारे आपले असंख्य हौशी गीतकार कलमं वाचत बसत नाहीत ही वेगळी गोष्ट.

मक्याचा धंदा

१९५०मध्ये दोघं शिकागोला स्थिरावले. डब्ल्यूएलएस केंद्रावरचा 'नॅशनल बार्न डान्स' हा त्यांचा मुक्काम. दक्षिणेतल्या डोंगरांतून कामासाठी उत्तरेकडच्या कारखान्यांत आलेली लाखो माणसं तेव्हा शिकागो, डेट्रॉइट, सिनसिनाटीत होती. शहरात त्यांना 'हिलबिली', म्हणजे डोंगरी गावंढळ, म्हणत, आणि ते प्रेमानं म्हणत नसत. मग होमर-जेथ्रोच्या बावळटपणावर कोण हसत होतं? शहरी माणूस खेडवळावर, की खेडवळ स्वतःवर, की खेडवळ शहराच्या गुळमट गाण्यांवर? माझ्या मते तिसरं हसू सगळ्यांत मोठं होतं. लालबाग-परळच्या गिरणगावात लोकनाट्य बघायला बसलेला कामगार सोंगाड्याच्या अडाणीपणावर हसायचा तेव्हा त्याला पक्कं ठाऊक असायचं की हा अडाणी शेवटी सरदाराचीच फजिती करणार.

तरी सोंग ते सोंगच. १९६०च्या दशकात केलॉग्ज कंपनीनं मक्याच्या पोह्यांच्या, म्हणजे कॉर्नफ्लेक्सच्या जाहिरातींत या दोघांना घेतलं. इंग्रजीत 'कॉर्न' म्हणजे मका आणि 'कॉर्नी' म्हणजे शिळा, गावठी विनोद. दोघं एखादा फुसका विनोद सांगणार आणि मग ठेवणीतली आरोळी: 'ऊऽ, दॅट्स कॉर्नी!' या एका आरोळीनं ते घराघरांत गेले. पैसे चांगले मिळाले असणार. त्याबरोबर मक्याचा शिक्काही अधिक खोल बसला.

त्याच वेळी जमीन सरकत होती. १९६०च्या मे महिन्यात डब्ल्यूएलएसनं शेतकऱ्यांसाठीची जुनी वळणं टाकून रॉक अँड रोल धरलं. नॅशव्हिलमध्ये कंट्री संगीताला आपल्या खेडवळ वेषाची लाज वाटू लागली होती. फिडल आणि बँजो मागे सारून व्हायोलिनांचे ताफे आणि मऊ कोरस आले. आरसीएच्या नॅशव्हिल शाखेतून हा बदल घडवणारा मुख्य माणूस कोण? साडूभाऊ, चेट अ‍ॅटकिन्स. एकाच घरातल्या दोन जावयांपैकी एक कंट्रीच्या अंगावरचा शेतकरी सदरा काढून सूट चढवत होता आणि दुसरा तोच सदरा घालून पोट भरत होता. दोघांचं आपसांत उत्तम होतं. १९६४ला बीटल्स आले, होमर-जेथ्रोनं त्यांचंही गाणं घेतलं. कंट्री यादीत ते कसंबसं एकोणपन्नासाव्या क्रमांकावर टेकलं. लाटा बदलल्या होत्या. बीटल्सच्या गाण्यात काय हास्यास्पद आहे हे पोरांना पटवणं अवघड, आणि त्यांच्या आईबापांना ते मूळ गाणंच पाठ नव्हतं.

दोन सरळ तबकड्या

१९६२ साली आरसीएनं दोघांची एक वेगळी तबकडी काढली, 'प्लेइंग इट स्ट्रेट'. नावातच कबुली: या वेळी सरळ वाजवतो. एकही विनोद नाही, गाणंच नाही. गिटार, मॅन्डोलिन आणि जॅझ. १९६७ला आणखी एक. पस्तीस वर्षांच्या संसारात वाद्यसंगीताच्या एवढ्या दोनच मोठ्या खिडक्या.

'बघा, कंपनीनं खरा कलावंत दाबून ठेवला' असं म्हणण्याचा मोह इथे होतो. मला तो खोटा वाटतो. १९५०च्या अमेरिकेत जॅझ मॅन्डोलिन ऐकायला तिकीट काढणारा गिऱ्हाईक होता कुठे? जॅझवाल्यांच्या लेखी मॅन्डोलिन हे डोंगऱ्यांचं वाद्य, आणि डोंगऱ्यांच्या लेखी जॅझ हे भलतंच काही. विनोद हा एकच खांब होता ज्यावर हे वाद्य टांगून देशभर फिरवता येत होतं. लोक हसायला आले आणि नकळत तीस वर्षं उत्तम मॅन्डोलिन ऐकून गेले. त्यातल्या काही शेकडा पोरांनी ते नकळत ऐकलं नाही, तबकडी थांबवून थांबवून ऐकलं. जाणकार या जोडीला 'विचारी माणसाचे हिलबिली' म्हणत.

दुसऱ्यांनी हा पेच कसा सोडवला तेही बघावं. शेब वूली हा नट आणि गायक. 'डोन्ट गो निअर द इंडियन्स' हे गाणं त्याला मिळणार होतं, चित्रीकरणात अडकल्यामुळे हुकलं, रेक्स अ‍ॅलननं गायलं आणि गाजलं. वूलीनं १९६२मध्ये चिडून त्याचंच विडंबन केलं, पण स्वतःच्या नावानं नव्हे. 'बेन कोल्डर' नावाचा एक झिंगलेला इसम उभा केला. खरं नाव गंभीर कामासाठी कोरं राहिलं. कवितेपुरते 'केशवकुमार' झालेल्या अत्र्यांच्या मराठीला ही युक्ती नवी नाही. रे स्टीव्हन्सनं एकाच नावावर दोन्ही खाती चालवली: १९७०मध्ये एक भावुक गाणं पहिल्या क्रमांकावर, १९७४मध्ये रस्त्यात नागवं पळणाऱ्यांवरचं टवाळ गाणं पहिल्या क्रमांकावर. तरी आज लोकांना तो टवाळ म्हणूनच आठवतो. आणि नव्वदच्या दशकात जॉर्जियाचा बॅरी पूल 'क्लीडस टी. जड' हे सोंग घेऊन आला. नाओमी आणि वायनोना या जड मायलेकींचं तेव्हा मोठं नाव होतं; यानं १९९५च्या पहिल्याच संग्रहावर छापलं: 'काही नातं नाही'. २००४पर्यंत वारं इतकं फिरलं होतं की कंट्री गायक टोबी कीथच्या गाण्याचं विडंबन करताना खुद्द टोबी कीथ त्यात सामील झाला. आपलं विडंबन झालं म्हणजे आपण मोठे झालो, हे आता गायकांनाच पटलं होतं. तिथवरची वाट होमर-जेथ्रोनं, दार वाजवून क्षमा मागत, तुडवलेली होती.

यांच्यात आणि होमर-जेथ्रोत एक महत्त्वाचा फरक राहतो. वूलीचं सोंग त्याच्या मालकीचं होतं, हवं तेव्हा उतरवता येणारं. होमर आणि जेथ्रो हे सोंग दोघांच्या सामाईक मालकीचं. एक उठून गेला तर दुसऱ्याला ते घालता येत नाही.

एकाहत्तर सालानंतर

७ ऑगस्ट १९७१ला हृदयविकाराच्या झटक्यानं होमर गेला. एक्कावन्न पूर्ण होऊन अकरा दिवस झाले होते.

जेथ्रो एव्हन्स्टनला राहत होता, शिकागोला लागून. जोडी मोडल्यावर विनोदाचा धंदा जवळपास आटोपला, आणि मॅन्डोलिन मोकळं झालं. तो घरी शिकवण्या घेऊ लागला. शिकागोतला तरुण गीतकार स्टीव्ह गुडमन त्याला आपल्याबरोबर मंचावर घेऊन हिंडू लागला. गुडमनच्या १९७५च्या 'जेसीज जिग'वर जेथ्रो आहे. हाच गुडमन कंट्री गाण्यांच्या सगळ्या ठराविक मसाल्याची, म्हणजे आई, तुरुंग, ट्रक, आगगाडी, दारू यांची यथेच्छ टर उडवणारं गाणं रचणारा, तेव्हा दोघांचं का जमलं ते सांगायला नको. गुडमनचे श्रोते विशीतले. त्यांनी कॉर्नफ्लेक्सची जाहिरात लहानपणी पाहिली असेल-नसेल, पण समोरचा पन्नाशी उलटलेला माणूस काय वाजवतोय हे त्यांना सरळ ऐकू येत होतं. मग फ्लाइंग फिश या रेकॉर्ड कंपनीनं त्याच्या स्वतःच्या नावानं तबकड्या काढल्या. मॅन्डोलिनवादक डेव्हिड ग्रिसमननं टायनी मूर या दुसऱ्या जुन्या स्विंग मॅन्डोलिनवाल्यासमोर त्याला बसवून दोघांची मिळून एक तबकडी केली. शिष्यांपैकी डॉन स्टर्नबर्गनं पुढे ती शैली चालवली. मुखवट्याची पस्तीस वर्षं झाल्यावर जेथ्रोला उघड्या चेहऱ्याची सतरा-अठरा मिळाली. ४ फेब्रुवारी १९८९ला तो गेला. १९९५मध्ये 'स्विंग लो, स्वीट मॅन्डोलिन' हे त्याचं उशिरा बाहेर आलेलं वादन म्हणजे त्याच्या हाताची सगळी करामत, सोबतीला त्याचे शिष्य.

होमरला ती सतरा वर्षं मिळाली नाहीत. त्यात त्याचं वाद्य असं की पुढे येऊन एकट्यानं मिरवायचं नव्हेच. दुसऱ्याच्या पायाखाली जमीन धरून ठेवणारी ती गिटार. आज त्याला ऐकायचं तर त्या विनोदी गाण्यांखालीच ऐकावं लागतं, जेथ्रोच्या मॅन्डोलिनच्याही खाली, सगळ्यांत आतल्या थरात. कानावर जोर देऊन एकदा फक्त त्याच्यामागे जावं: ठोक्यागणिक हलणारा हात, कुठेही घाई नाही. वर दोघंही गावंढळासारखे रेकत आहेत, त्यातला एक आवाज त्याचाच.

२००१ साली कंट्री म्युझिक हॉल ऑफ फेममध्ये दोघांचा समावेश झाला. नोंद आहे होमर आणि जेथ्रो अशी, म्हणजे नॉक्सव्हिलच्या एका कार्यक्रमप्रमुखाला आयत्या वेळी पोरांची नावं आठवेनात तेव्हा त्यानं ठोकून दिली होती ती.